मुक्या गोळीचे वजन

गावात पोतराज आला, की मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली त्याची बायको दिसण्याआधी आणि त्याच्या पायांतली घुंगरे ऐकू येण्याआधी त्याचा आसूड त्याच्या आगमनाची वर्दी देतो, आणि ओसरीवर खेळणारे पोर आईच्या पदराआड दडते. तो 'कडाड्' आवाज आसूड अंगावर बसल्याचा नव्हे. अंगाला स्पर्श होण्यापूर्वीच तो हवेत उमटलेला असतो, आणि निमुळत्या होत गेलेल्या त्या दोराच्या टोकाने क्षणमात्र ध्वनीचा वेग ओलांडला, याची ती हवेने दिलेली ग्वाही असते. बंदुकीच्या गोळीलाही असाच स्वतःचा एक आवाज असतो. दारूच्या स्फोटाहून तो सर्वस्वी निराळा असतो, आणि त्याला मिटवण्याच्या खटपटीतून गेल्या शतकात काडतुसांची जी एक विलक्षण जात जन्माला आली, तिची ही हकीकत आहे.

चांदमारीच्या मैदानावर निशाणांखालच्या खंदकात बसून ज्यांनी फळ्या वरखाली केल्या आहेत, त्यांना हे दोन आवाज वेगळे सांगावे लागत नाहीत. प्रथम डोक्यावरून कोरडा, आसुडासारखा कडाका जातो, आणि त्यानंतर, जणू कोणी दूरच्या अंगणात मुसळ आपटावे तसा, गोळीबाराच्या रांगेकडून बोजड 'धप्प' येतो. क्रम उलटा भासतो खरा. परंतु गोळी आवाजाच्या पुढे धावत असल्यामुळे तिची वर्दी तिच्या उगमाच्या वर्दीआधी पोहोचते.

या दुहेरी आवाजाचा शास्त्रशुद्ध उलगडा एका युद्धातील वादातून झाला. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच शास्पो बंदुकीच्या जखमा विवरासारख्या का होतात, याविषयी कुरबुरी चालू असता, गोळी आपल्यापुढे दाबलेली हवा घेऊन धावते, अशी उपपत्ती बेल्जियन शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी मांडली. 1881 मध्ये पॅरिसला ती ऐकून आलेल्या एर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून फ्यूमे येथील नाविक विद्यालयातील पेटर साल्चर यांनी 1886 मध्ये उडत्या गोळीची छायाचित्रे घेतली, आणि नावेच्या नाळेपासून पाण्यात दोन्ही बाजूंना लाट फाकते तशी गोळीच्या टोकापासून हवेत फाकलेली लाट जगाने प्रथमच पाहिली. गोळीचा वेग ध्वनीहून कमी असेल, तर ही लाट उठतच नाही, हेही त्याच प्रयोगांतून निष्पन्न झाले.

परंतु शास्त्राच्या दफ्तरात नोंदलेली गोष्ट कारखान्यात पोहोचायला वेळ लागतो. 30 मार्च 1909 रोजी हायरम पर्सी मॅक्झिम यांना त्यांच्या सायलेन्सरचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यांचे वडील मशीनगनचे जनक, आणि आयुष्यभर स्वतःच्याच बंदुकांचा गडगडाट ऐकून बहिरे झालेले. मुलाने मात्र तोच गडगडाट कोंडण्याचा उद्योग मांडावा, हा दैवाचा न्याय म्हणावा लागेल. नळीच्या तोंडावर बसवलेल्या त्या नळकांड्यातील पडद्यांमध्ये तप्त वायू घुटमळतो, थंडावतो आणि सावकाश बाहेर पडतो. पण नळकांड्याची हुकमत तिथेच संपते. पुढे आकाशात कडकडत जाणाऱ्या गोळीवर त्याचा अंमल चालत नाही. 'धप्प' लुप्त झाला तरी 'कडाड्' कायम राहिला.

गोळी मंद करावी, हा उपाय सुचणे सोपे होते, पण त्या काळाचा सारा ओघ उलट दिशेने वाहत होता. काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला तेव्हापासून शिशाचा गोळा जड असणे हेच बंदुकीचे बळ मानले जाई. मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी 31 ग्रॅम वजनाची आणि सेकंदाला सुमारे 410 मीटर वेगाची होती. धूरविरहित दारू आली आणि वजनाची जागा वेगाने घेतली. पुण्याजवळ खडकी येथे 1869 साली स्थापन झालेल्या कारखान्यातही पुढे जिची काडतुसे निघाली, त्या .303 रायफलीची 1910 च्या नमुन्याची गोळी अवघी सव्वाअकरा ग्रॅम भरे आणि सुमारे 740 मीटर वेगाने सुटे. व्हिएतनाममधील अमेरिकन रायफलीची तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि वेग हजार मीटरच्या घरात. हलके आणि वेगवान, हाच युगधर्म ठरला होता.

दुसऱ्या महायुद्धात मंद गोळीची निकड भासली, तेव्हा प्रथम सोपी पळवाट शोधली गेली. मितीन बंधूंनी तयार केलेले आणि त्यांच्याच नावावरून 'ब्रामित' म्हटले गेलेले नळकांडे रशियनांनी मोसिन रायफलीवर चढवले, आणि दारू कमी केलेली, हलक्या गोळीची, हिरव्या खुणेची काडतुसे सैनिकांच्या हाती दिली. गोळी शांत झाली खरी, पण त्याबरोबर निस्तेजही झाली. कारण आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि वेग अर्धा झाला की शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते.

इंग्रजांकडे विल्यम गॉडफ्रे द लाइल यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी ली-एन्फिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर पिस्तुलाचे .45 काडतूस बसवले, ज्याची जवळजवळ 15 ग्रॅमची बोजड गोळी मुळातच 250 मीटरच्या आसपास चालते. अशा बंदुका सुमारे 130 च घडल्या. पण त्या इतक्या शांत होत्या, की झाडलेल्या गोळीपेक्षा पुढचे काडतूस भरताना होणारी बोल्टाची खटखटच मोठी ऐकू येई. गुपित नळकांड्यात अर्धेच होते, उरलेले अर्धे गोळीच्या जडपणात, हे येथे सिद्ध झाले.

हा धडा पुढे सर्वाधिक नेटाने रशियनांनी गिरवला. कलाश्निकोव्हसाठी त्यांनी साडेबारा ग्रॅमची मंद गोळी केली. आणि 1980 च्या दशकात मॉस्कोजवळच्या क्लिमोव्स्क येथील संशोधनसंस्थेत 9×39 मिलिमीटरचे स्वतंत्र काडतूसच घडवले. ते तळहातावर घेतले तर पुंगळी ओळखीची वाटते, कारण ती कलाश्निकोव्हचीच, फक्त मान रुंद केलेली. पण तीतून बाहेर आलेली गोळी पाहुण्याच्या अंगरख्यात शिरलेल्या पहिलवानासारखी दिसते: लांब, जाड, एका प्रकारात तर जाकिटाबाहेर पोलादी टोक डोकावणारी. वजन 16 ग्रॅम, म्हणजे मूळ 8 ग्रॅमच्या गोळीची दुप्पट. वेग 290 मीटरच्या सुमारास, कारण ध्वनीचा वेग साधारण हवेत 340 मीटर असला तरी गोठणबिंदूपाशी 331 वर उतरतो, आणि रशियाच्या थंडीत हातचे राखणे भाग होते. प्योत्र सेर्द्युकोव्ह यांची व्हिंतोरेझ रायफल याच काडतुसासाठी घडली व 1987 मध्ये सेवेत आली. अमेरिकेत जे. डी. जोन्स यांनी 1990 च्या दशकारंभी '.300 व्हिस्पर' काढले, आणि त्याच वळणावर बेतलेल्या '.300 ब्लॅकआउट'ला 2011 मध्ये उद्योगाची रीतसर मान्यता मिळाली; त्याची मंद गोळी 14 ग्रॅमहून किंचित जड असते.

या शांततेची किंमतही रोख मोजावी लागते. लांब गोळी लडबडू नये म्हणून नळीतील आट्यांना अधिक पीळ द्यावा लागतो. वूलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी 1879 मध्येच त्याचे सूत्र घालून दिले होते. त्याहून मोठी किंमत अंतराची. 300 मीटर जायला या गोळीला सेकंदाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत ती सुमारे साडेपाच मीटर खाली येते. नेहमीची गोळी त्याच पल्ल्यात सव्वा-दीड मीटरच उतरते. अंतराचा अंदाज थोडा चुकला, की निशाण हुकलेच.

कायदा मात्र नळकांड्यापाशीच थांबला. अमेरिकेने 1934 मध्ये त्यावर 200 डॉलरचा कर बसवला, आणि आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने तर बंदुकीचा आवाज कमी करणारे उपकरण खुद्द बंदुकीच्याच व्याख्येत बसवले. दोन्ही देशांच्या कायदेपंडितांच्या नजरेत नळकांडे आले, ते योग्यच झाले. पण त्या नळकांड्याला मुकेपण बहाल करणाऱ्या 16 ग्रॅम वजनाचा उल्लेख त्या कलमांत कोठेही नाही.