सवायकी कोणाची?

सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशी चार पावलांची ही साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते. पेशवाईनंतरच्या पुण्यात पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अशीच तालावर घोकून घेत. पण ती शाळा मुख्यतः ब्राह्मण-वाण्यांच्या मुलांची. अस्पृश्यांच्या मुलाला तिच्या ओसरीवरही जागा नव्हती.

सवाई आणि दिढी हे शब्द मात्र कष्टकऱ्यांच्या घरात रोजचे होते. सावकाराकडून बियाण्याला आणलेले धान्य सुगीला सवाईने, नाहीतर दिढीने फेडायचे. चार मण नेले तर पाच, नाहीतर सहा. ज्याला पाढा येई तो खाते लिही. ज्याला येत नसे तो त्याखाली अंगठा देई. पाढ्यावरची बंदी अशी थेट पोटावर येत होती.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची आणि १८५२ साली महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली, त्या कार्याचा अर्थ या अंगानेही लावला पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोधीबरोबर हिशेबाचे ज्ञान मागितले, ते उगीच नव्हे.

आज पाढा सर्वांचा झाला आहे. तरी आपण तो नुसता घोकून घेतला, तर पंतोजीचीच परंपरा पुढे चालेल. मुलाला चिंचोके मांडू द्या. पुढचा आकडा कोणता, हे विचारा. आणि तोच का, हेही विचारा. हिशेब तपासणारा माणूस तिथूनच घडतो.