नसेवरच्या गाठीचं कूळ

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातल्या मंडळींचा एक छोटा लेख १९६७ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’त छापून आला. लेखक तिघे: न्यूरोपॅथॉलॉजिस्ट डॉ. दारब दस्तूर, आणि न्यूरोसर्जन डॉ. गजेंद्र सिंह व डॉ. सुनील पंड्या. लेख एकाच रुग्णाबद्दल, त्याच्या कानाच्या नसेवर झालेल्या गाठीबद्दल. तशा कानाच्या नसेवरच्या गाठी सर्जनना नव्या नव्हत्या. एरवी त्या पिवळट-पांढुरक्या असतात. या गाठीत मात्र मेलॅनिन होतं, म्हणजे आपल्या कातडीला सावळेपण देणारं रंगद्रव्य. कातडीचा रंग कवटीच्या आत, नसेवर कसा पोचला?

त्यासाठी गाठीचं कूळ शोधावं लागतं, आणि त्या कुळावरून डॉक्टरांत बरीच वर्षं भांडण होतं.

नसेतल्या प्रत्येक धाग्याला पेशींचं अस्तर असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्या श्वान पेशी. गाठींशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. सगळे प्राणी पेशींचे बनलेले असतात हे त्याला सिद्ध करायचं होतं. १८८२ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेनने अंगभर गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असलेल्या रुग्णांचा अभ्यास करून त्या गाठींचा नसांशी संबंध जोडला. पुढे प्रागमध्ये व्हेरोकेने १९१० साली सूक्ष्मदर्शकाखाली एक खास नक्षी टिपली. पेशींची केंद्रकं दोन रांगांत समोरासमोर उभी आणि मधला पट्टा मोकळा. पॅथॉलॉजीच्या परीक्षेत स्लाइडवर ही नक्षी दिसली की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. या पेशी श्वानच्याच घरातल्या, असं व्हेरोकेचं म्हणणं. पण वाइल्डर पेनफिल्डसारखा दादा न्यूरोसर्जन विरुद्ध बाजूला होता. त्याच्या मते गाठ नसेभोवतीच्या साध्या तंतुमय ऊतीची. अखेर १९४० मध्ये मार्गारेट मरे आणि आर्थर स्टाउट यांनी गाठीचे तुकडे काचेच्या भांड्यात वाढवले, तेव्हा त्यातून श्वान पेशी उगवल्या. या वादापायी एकाच गाठीला न्यूरिनोमा, न्यूरिलेमोमा, श्वानोमा अशी नावं पडली. घरातल्या जुन्या फायलीत यांतलं कोणतंही सापडलं तरी घाबरू नये, गाठ तीच.

आता रंगाचं. गर्भात पाठीच्या कण्याच्या जागी मज्जानलिका तयार होते, तेव्हा तिच्या काठावरच्या काही पेशी सुटून अंगभर पांगतात. त्यातल्या काही नसांवर जाऊन श्वान पेशी होतात, काही कातडीत जाऊन मेलॅनिन बनवतात. दोघी सख्ख्या बहिणी. त्यामुळे श्वान पेशींच्या गाठीत मेलॅनिन दिसणं दुर्मीळ असलं तरी कुळाबाहेरचं नाही. मात्र शरीरात इतरत्र होणाऱ्या अशा काळ्या गाठी पुष्कळदा दांडगाई करतात असं दिसून आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने त्यांना साध्या गाठींच्या पंगतीतून उठवलं.

हे सगळं भायखळ्यात बारकाईने पाहिलं गेलं याला मागची परंपरा आहे. जे. जे.ला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तल्या नसांची चित्रं काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये इथेच शिकवायला आला आणि पुढे कुष्ठरोगाच्या अभ्यासात गढला. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते भाऊ दाजी लाड याच कॉलेजचे पदवीधर. तेही कुष्ठरोगावरच्या औषधामागे लागले होते. आणि कुष्ठरोगाचे जंतू ठाण मांडतात ते श्वान पेशींतच! न्यूरोपॅथॉलॉजीचा विभाग जे. जे.त उभा करणाऱ्या दस्तूरांनीही १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात कुष्ठरोगातल्या कातडीच्या नसांवर लिहिलं होतं.

म्हणून आपल्याकडे कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड लागली की डॉक्टर आधी कातडीवर बधिर चट्टा शोधतात. चट्टा नाही, नस लांबवर जाड नाही, एकाच जागी गोल गाठ आहे, ती आडवी हलते पण नसेच्या दिशेने वरखाली सरकत नाही, तिच्यावर टिचकी मारली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, असं असेल तर श्वानोमाचा संशय घ्यायचा. ही गाठ नसेच्या धाग्यांना बाजूला सारत वाढते. त्यामुळे वरचं आवरण नसेच्या लांबीला धरून चिरलं की शेंगेतून दाणा निघावा तशी ती सोडवता येते आणि नस बहुतेकदा शाबूत राहते. न्यूरोफायब्रोमा या नसेवरच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीचं तसं नाही. त्यात धागे गाठीच्या आतूनच गेलेले असतात.

घोटाळा होतो तो चरबीची गाठ समजून भूल देऊन पटकन काढायला जाताना. गाठीबरोबर नसही कापली जाते आणि बोटं लुळी पडतात. तेव्हा दाबल्यावर झिणझिण्या येणारी गाठ असेल तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, आणि सुरी नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्याच्याच हाती द्या. कानाच्या नसेवरची गाठ मात्र हाताला लागत नाही, म्हणून एकाच कानाला कमी ऐकू येऊ लागलं, फोन आपसूक दुसऱ्या कानाला जाऊ लागला, तर लोकलच्या गोंगाटाला दोष देत बसू नका. कान तपासून घ्या.