मोठ्या पाळीव सापांचा आहार : निवड आणि दक्षता

अमेरिका आणि युरोपातील काही देशांत बर्मी अजगर, जाळीदार अजगर व दक्षिण अमेरिकेतील बोआ हे मोठे साप घरात पाळले जातात. बर्मी अजगर चार ते पाच मीटरपर्यंत वाढतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. एवढ्या काळात त्याला काय, किती आणि किती दिवसांनी द्यावे, यावर त्याचे आयुष्य आणि पाळणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

संपूर्ण भक्ष्य आवश्यक

साप हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी असून तो भक्ष्य अखंड गिळतो. भक्ष्याच्या हाडांतून कॅल्शियम, तर यकृतातून 'अ' जीवनसत्त्व त्याला मिळते. त्यामुळे केवळ मांसाचे तुकडे हा त्याच्यासाठी अपुरा आहार ठरतो. पिल्लांना लहान उंदीर, मध्यम वाढीच्या सापांना मोठे उंदीर व पूर्ण वाढलेल्या अजगरांना ससे देण्याची पद्धत आहे.

भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित अधिक असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. जबडा बराच ताणला जात असला, तरी फार मोठे भक्ष्य साप ओकून टाकण्याची शक्यता असते.

जिवंत की मृत?

मृत भक्ष्यच देणे योग्य मानले जाते. भूक नसलेल्या सापाजवळ जिवंत उंदीर ठेवल्यास तो सापाला चावून गंभीर जखमा करतो. गोठवलेले भक्ष्य शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात पूर्ण वितळू द्यावे व नंतर गरम पाण्याच्या साहाय्याने शरीराच्या तापमानाइतके उबदार करावे. मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते; त्यामुळे हा मार्ग टाळावा. हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण उंदीर व साप या दोहोंपासून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

अतिआहाराचा धोका

वाढत्या पिल्लांना साधारणतः आठवड्यातून एकदा, तर पूर्ण वाढलेल्या मोठ्या अजगरांना तीन-चार आठवड्यांतून एकदा आहार पुरतो. निसर्गात दीर्घ उपवास सोसणाऱ्या या प्राण्याला बंदिवासात हालचाल कमी असते. त्यामुळे वारंवार खाऊ घातल्यास मेद साचतो आणि यकृत व हृदयावर ताण पडतो. कात टाकण्याच्या सुमारास सापाने अन्न नाकारणे स्वाभाविक आहे. मात्र वजन घटू लागल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

पचन ही अजगरासाठी मोठ्या श्रमाची क्रिया आहे. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, भक्ष्य गिळल्यानंतर ४८ तासांत बर्मी अजगराच्या हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. या काळात सापाला पुरेशी ऊब हवी. किमान दोन दिवस त्याला हाताळू नये. अन्यथा भक्ष्य ओकले जाते. पिण्याचे स्वच्छ पाणी मात्र सदैव उपलब्ध असावे.

पाळणाऱ्याची सुरक्षितता

हाताला ससा किंवा उंदराचा वास असल्यास अजगर हातालाच भक्ष्य समजून झडप घालू शकतो. म्हणून भक्ष्य लांब चिमट्याने द्यावे. मोठ्या सापाला खाऊ घालताना दुसरी प्रौढ व्यक्ती जवळ असणे अत्यावश्यक आहे. वाढलेल्या अजगराचा सांभाळ न झेपल्याने अमेरिकेत अनेकांनी ते मोकळे सोडले. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स परिसरात स्थानिक वन्यजीवांची त्यामुळे मोठी हानी झाली आणि २०१२ मध्ये तेथील केंद्र शासनाने बर्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली.

भारतातील स्थिती

भारतीय अजगराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण असून तो पकडणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. विदेशी अजगर व बोआ 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात. अशा विदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये नियम लागू केले.

नागपंचमीला सापांना दूध पाजण्याची प्रथाही येथे विचारात घ्यावी लागते. दूध हे सापाचे अन्न नाही आणि ते त्याला पचत नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढेच त्यामागील सत्य आहे.