मेळघाटातल्या ढोलीवरचा पहारा

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मैदानावरच्या दिव्याच्या उंच खांबावर शिकारी पक्ष्यांची एक जोडी घरटे करते. 2012 सालापासून तिथे कॅमेरा लावलेला आहे. अंडे फुटणे, पिल्लांची पहिली उपासमार, बापाने आणलेल्या शिकारीवरची झोंबाझोंबी हे सगळे जगभरचे लोक घरबसल्या बघतात. त्याच्या आदल्याच वर्षी आयोवा राज्यातल्या डेकोरा गावच्या गरुडांच्या घरट्याने असेच लाखो प्रेक्षक गोळा केले होते.

वऱ्हाडातही एक शिकारी पक्षी असा आहे, की त्याच्या घरट्याकडे जगभरच्या पक्षी-अभ्यासकांचे डोळे लागलेले असतात. तो म्हणजे मेळघाटातला रानपिंगळा. त्याच्या ढोलीसमोर माणूस वही घेऊन बसू लागला तो अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी सव्वाशे वर्षे विज्ञानाला हा पक्षी माहीत होता तो फक्त मेलेला.

सुरुवात डिसेंबर 1872 ची. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात, फुलझरच्या परिसरात एफ. आर. ब्लुइट या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहानसे घुबड मारले आणि त्याचे कातडे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता तेच हे ह्यूम. त्यांनी 1873 मध्ये या पक्ष्याला ब्लुइटचे नाव दिले. त्याच वर्षी भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा कच्चा खर्डा छापून येऊ लागला. घरट्याचा अभ्यास तेव्हा कसा चाले, हे त्या काळच्या नोंदींतून समजते. झाडावर माणूस चढवायचा, अंडी खाली आणायची, त्यांना बारीक भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा, टरफले कापसात गुंडाळून पेटीत ठेवायची. जमले तर मादीही मारायची, म्हणजे अंडी कोणाची याबद्दल शंका उरत नाही. या पद्धतीने माहितीचा डोंगर उभा राहिला हे खरेच. पण पिल्लू वाढते कसे, हे त्या पेटीतून कधीच कळले नसते.

खानदेशात जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी पक्षी गोळा करत. तळोदा-शहादा भागातून त्यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला या घुबडाचे आणखी काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र पक्षी जणू गडप झाला. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी उरली.

यानंतरचा अध्याय संतापजनक आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण तो मिळवला, असे त्यांचे म्हणणे. त्या नोंदीवर विश्वास ठेवून पुढच्या अभ्यासकांनी चुकीच्या जागी शोध घेतला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षी-अभ्यासकांनी 1999 मध्ये हे बिंग फोडले. तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. क्ष-किरण तपासणीत आतली जुनी भरणी ओळखू आली. एका माणसाच्या खोटेपणापायी कितीतरी जणांची मेहनत वाया गेली.

हे जाहीर होण्याआधीच रासमुसेन यांनी ती मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि डेव्हिडसन यांच्या जुन्या ठिकाणांचा माग काढला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्यात, त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा दिसला. जिवंत, उघड्या फांदीवर, दिवसाउजेडी. मध्ये 113 वर्षे गेली होती.

मग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी 1998-99 मध्ये सातपुड्यातली जंगले धुंडाळली, आणि मेळघाटचे नाव या पक्ष्याशी जोडले गेले. मेळघाट काही अनोळखी रान नव्हते. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांनी तिथे वनाधिकारी म्हणून काम केले होते. इतक्या जाणत्या नजरा फिरल्या, तरी या पक्ष्याची खात्रीची नोंद तोवर झालेली नव्हती. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. गावातल्या साध्या पिंगळ्यापासून तो चटकन वेगळा ओळखता येत नाही. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर ठळक पट्टे, पायांची पकड जबर. एवढाच काय तो फरक. पुढे 2004 नंतर पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतभर पाहणी केली. आज मेळघाट हा रानपिंगळ्याचा सर्वांत मोठा आसरा समजला जातो. या व्याघ्र प्रकल्पाचा दक्षिणेकडचा भाग, नरनाळ्याचे अभयारण्य, अकोला जिल्ह्यात येतो.

ढोलीसमोरच्या त्या बैठकींनी काय दिले? हिवाळ्यात जोड्या जमतात. मादी साधारण दोन अंडी घालते आणि उबवायला बसते; शिकार आणून द्यायची ती नराने. पिल्ले निघाल्यावरही तोच आणतो, भरवते मात्र मादी. साधारण 30 ते 32 दिवसांनी पिल्ले ढोलीबाहेर पडतात. आणलेल्या भक्ष्यात सुमारे 60 टक्के वाटा सरडे, पाली आणि सापसुरळ्यांचा. उंदीर त्या मानाने कमी. सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद इश्तियाक-रहमानी यांची आहे: बापाने स्वतःचे पिल्लू खाल्ल्याची. अशी गोष्ट पेटीतल्या कातड्यांवरून कोणाला कळली असती?

कॅमेऱ्याचे मोल इथेच आहे. बाहेर बसलेल्या माणसाला ढोलीच्या तोंडाशी घडते तेवढेच दिसते. आतल्या अंधारात कोणते पिल्लू आधी खाते, कमजोराचे काय होते, हे अवरक्त प्रकाशाचा छोटा कॅमेराच सांगू शकेल. पण तो लावायचा तर तज्ज्ञांनी, वनखात्याच्या परवानगीने आणि जोडी ढोलीत शिरण्याच्या आधी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा पक्षी आहे. जागतिक लाल यादीत 2018 साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ झाला, म्हणजे धोका टळला असे नव्हे.

त्याला लागते ते विरळ, कोरडे सागवानी रान आणि त्यात जुनी, पोकळ झालेली झाडे. सरपणासाठी पहिली कुऱ्हाड पडते ती अशाच वाळक्या झाडावर, आणि घुबडाला अपशकुनी मानून दगड मारणारे हातही अजून थांबलेले नाहीत. म्हणून मेळघाटात जाणाऱ्या पक्षिप्रेमींना विनंती आहे: घरट्याची जागा मोबाइलवर टाकू नका, विणीच्या काळात ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, आणि ढोलीचे वाळके झाड तुटताना दिसले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा.