गडाचं नाव कोण ठेवतं?

वेल्ह्याला एस.टी.तून उतरलं की तोरणा समोर उभा. उंची सुमारे १,४०० मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि विस्तार पाहून नाव ठेवलं ‘प्रचंडगड’. तिथं धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं, असं सांगतात. तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, असा राजगड उभा राहिला. पंचवीसेक वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला. १६५९ मध्ये सईबाई तिथंच गेल्या. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटलेले महाराज परतले तेही राजगडावरच.

पुढं म्हातारा औरंगजेब स्वतः या डोंगरांत आला. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला. त्याचं नाव केलं ‘नबीशाहगड’. मार्चमध्ये मोगलांची माणसं रात्री दोरांवरून तट चढून तोरण्यात शिरली. बरेच किल्ले बादशहानं पैसे मोजून घेतले होते, हा मात्र लढून घेतला. नाव दिलं ‘फुतूहुल्गैब’, म्हणजे अदृश्यातून लाभलेला विजय.

ही नावं वाचून तुम्हाला काय वाटतं, असं लोक मला चाचरत विचारतात. आमच्या घरात नबींचं नाव रोज आदरानं घेतलं जातं. पण माझ्या आजीच्या तोंडी तो गड राजगडच होता. बादशहाचं नाव कागदावर राहिलं आणि थोड्याच वर्षांत गड पुन्हा मराठ्यांकडे आला.

गंमत म्हणजे महाराजांनी दिलेलं ‘प्रचंडगड’ही पुस्तकांतच अधिक राहिलं. लोक तोरणाच म्हणत राहिले. ‘राजगड’ मात्र रुजलं. त्यामागं पंचवीस वर्षांचं राबणं होतं. कुणी टाकी खोदली, कुणी तट रचले, कुणी पहारे दिले. कवी म्हणून मला एवढं कळतं, की शब्द हुकमानं रुजत नाही.

नंतर हे गड भोरच्या पंतसचिवांकडे राहिले. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झालं. आज राजगडावर वाड्यांची जोती उरली आहेत. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आहे. शेजारचा तोरणा नाही.

नाव झालं, मान मिळाला. आता टाक्यांतला गाळ काढायला आणि ढासळता तट सावरायला कोण येतं, ते पाहायचं. मी येत्या हिवाळ्यात जाणार आहे. गुडघे दुखतात, पण घमेलं उचलता येतं.