'हितानो' : चुकीतून जन्मलेला शब्द

स्पेनमधल्या रोमा लोकांना स्पॅनिश भाषेत 'हितानो' म्हणतात. 'एहिप्तानो' म्हणजे इजिप्तचा रहिवासी. या शब्दातला सुरुवातीचा 'ए' गळाला, 'प्त'मधला 'प्' लोपला आणि 'हितानो' उरला. गंमत अशी, की हे लोक मुळी इजिप्तचे नव्हतेच!

मग हे नाव पडले कसे? १४२५ साली आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने एका प्रवाशाला आपल्या राज्यातून जाण्याचा परवाना दिला. त्यात त्याची ओळख 'छोट्या इजिप्तचा हुआन' अशी आहे. रोमांच्या अशा तांड्यांना लोक इजिप्तचे समजू लागले.

खरे मूळ सापडले ते भाषेत. १७८२ साली जर्मन अभ्यासक रुडिगर याने रोमांच्या रोमानी भाषेची तुलना हिंदुस्तानीशी केली. आपणही करून पाहू. रोमानीत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', नाकाला 'नाख' म्हणतात. दोन म्हणजे 'दुई', पाच म्हणजे 'पांज', दहा म्हणजे 'देश'. मात्र सात, आठ, नऊ हे 'एफ्ता, ओख्तो, एन्या' असे आहेत. हे ग्रीक शब्द! म्हणजे भारतातून निघालेले हे लोक वाटेत ग्रीक बोलणाऱ्या प्रदेशात बराच काळ राहिले असणार. भाषेनेच त्यांच्या प्रवासाचा नकाशा जपून ठेवला.

पण नाव चिकटले आणि त्याबरोबर संशयही. १७४९ साली स्पेनच्या सरकारने केवळ हितानो म्हणून हजारो माणसांना एकाच मोहिमेत पकडले. पुरुषांना नौदलाच्या गोदीत सक्तीने राबवले. १७८३ साली तिसऱ्या कार्लोस राजाने 'हितानो' हा शब्दच वापरायला बंदी केली; पण त्याबरोबर त्यांचा वेश आणि त्यांची बोलीही बंद केली. शब्द पुसून माणसे वेगळी राहणार नाहीत, असा हिशेब. शब्द काही मेला नाही. स्पॅनिश अकादमीच्या २०१४ च्या शब्दकोशात त्याचा 'लबाड' असाही एक अर्थ होता. हितानोंनी निषेध केल्यावर, हा वापर अपमानकारक आहे, अशी टीप २०१५ मध्ये जोडली गेली.

हितानो स्वतःला काय म्हणवतात? 'काले'. हा शब्द आपल्या 'काळे' या शब्दाचाच भाऊबंद आहे.

तेव्हा कोणत्याही समाजाचे नाव वर्गात आले, की दोन प्रश्न जरूर विचारावेत : हे नाव कोणी दिले? आणि ते लोक स्वतःला काय म्हणवतात?