हस्तनिर्मित पेनांचे लेथकाम

लाकूड, एबोनाइट किंवा ॲक्रिलिकचा दांडा लेथवर कातून पेनाची नळी, पकड व टोपण घडविण्याच्या कामास हस्तनिर्मित पेनांचे लेथकाम म्हणतात. या कामाचा दर्जा मुख्यतः सुट्या भागांच्या अचूक जोडावर ठरतो. जोड सैल राहिल्यास शाई गळते किंवा टोपण निसटते. फार घट्ट झाल्यास टोपण तडकते.

पार्श्वभूमी

भरपूर गंधक मिसळून उष्णतेने कठीण केलेले रबर म्हणजे एबोनाइट. राजमहेंद्री (आंध्र प्रदेश) येथील के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी चळवळीच्या काळात एबोनाइटची पेने बनविली. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून त्यांच्या पेनाची प्रशंसा केली. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी लेथवरील कातकामासाठी प्रसिद्ध आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळांत इंजिनांच्या सुट्या भागांसाठी माप व सूट यांचा जो विचार केला जातो, तोच लहान प्रमाणावर पेनालाही लागू पडतो.

मापन

मापनासाठी वर्निअर कॅलिपर (लघुत्तम माप सामान्यतः ०.०२ मिमी) किंवा मायक्रोमीटर वापरतात. हत्यार ०.१ मिमी आत सरकविल्यास व्यास ०.२ मिमीने घटतो. हे विसरल्यास भाग बारीक होऊन वाया जातो. घासकामाने तापलेला भाग प्रसरण पावतो, म्हणून अंतिम माप तो थंड झाल्यावर घेतात. लाकडावर चकाकीसाठी दिलेल्या थरांनी व्यास वाढतो. त्यामुळे तेवढी जाडी आधीच कमी ठेवावी लागते.

जोडातील दोष

* एका बाजूस फट: नळीचे टोक अक्षाशी काटकोनात नसल्यास ती दिसते. कातण्यापूर्वी टोक सपाट करून घेतात.
* एका बाजूस पायरी: टेलस्टॉक जास्त आवळल्यास मँड्रेल वाकतो, नळी केंद्राभोवती समान कातली जात नाही आणि धातूच्या कडीशी जुळत नाही. झिजलेल्या बुशांमुळेही हा दोष येतो.
* शाईची गळती: नळीतच शाई भरण्याच्या पेनांत पकडीचे आटे नेमके बसणे आवश्यक असते. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देतात. हाताच्या उष्णतेने नळीतील हवा प्रसरण पावूनही निबेतून शाई टपकू शकते. हा मात्र आट्यांचा दोष नव्हे.

हवामानाचा परिणाम

कोल्हापूर परिसरात पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आतील पितळी नळीवर आर्द्रतेचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे ओलसर लाकडाचे पेन पावसाळ्यात बेमालूम जुळले तरी उन्हाळ्यात तडकू शकते. पूर्ण वाळलेले लाकूड वापरणे आणि नळीसाठी पाडलेल्या छिद्रात गोंदापुरती जागा राखणे, हा त्यावरील उपाय होय.